चार वयं, एक खजिना आणि आजीची कोडी

या वेळचं पत्र गुहागर तालुक्यातल्या एका मामींचं आहे. दर मे महिन्यात त्यांच्याकडे नणंदांची मुलं येतात. सगळ्यात मोठा भाचा अकरा वर्षांचा, बंगळूरचा. मराठी फर्डं बोलतो, वाचताना मात्र बोट ठेवून वाचतो. भाची आठ वर्षांची, चिपळूणला मराठी शाळेत. तिसरा सहा वर्षांचा, पुण्याचा. शिवाय मामींची स्वतःची साडेतीन वर्षांची लेक. गेल्या मे महिन्यात मामींनी दोन रात्री जागून 'खजिन्याचा शोध' रचला. दहा चिठ्ठ्या, सगळ्या यमकात, दोन-दोन मुलांच्या दोन टीम. पुढे काय झालं ते त्यांच्याच शब्दांत:

"आठ वर्षांचीने धडाधड वाचलं आणि तिच्या टीमने वीस मिनिटांत खजिना काढला. मोठा फुरंगटला, 'हे बेबीश आहे' म्हणाला. सहा वर्षांचा जोडाक्षराला अडला की चिठ्ठी माझ्याकडे घेऊन यायचा. माझ्या लेकीने तिच्या हातातली चिठ्ठी फाडली आणि ओट्यावर बसून भोकाड पसरलं. माझीच मुलगी, त्यामुळे मला कुणाला काही बोलताही येईना. त्यात एका चिठ्ठीवर मी 'पोटात माझ्या गार पाणी, सांगा माझी काय कहाणी' असं लिहिलं होतं. उत्तर माठ होतं, पोरं विहिरीकडे पळाली. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. यंदा करू की नको? केलंच तर शर्यत ठेवू का? चिठ्ठ्या किती? बक्षीस काय?"

प्रिय मामी,

करा. जरूर करा. चिठ्ठ्या वाईट होत्या असं मला पत्रावरून वाटत नाही. अडचण अशी की दहाच्या दहा चिठ्ठ्यांना एकच गोष्ट लागत होती: भराभर मराठी वाचता येणं. ती एकीलाच येत होती, म्हणून खेळ तिचा झाला आणि बाकीचे तिघे तिच्यामागे पळत राहिले. चिठ्ठ्या सोप्या केल्या असत्या तर ती दहा मिनिटांत जिंकली असती. अवघड केल्या असत्या तर चौघंही तुमच्याकडे आली असती. तेव्हा मधली काठिण्यपातळी शोधत बसू नका. साडेतीन आणि अकरा यांच्या मध्ये असं काही नसतं.

त्याऐवजी चार वेगळे माग काढा आणि ते शेवटी एका पेटीपाशी आणून सोडा. प्रत्येकाला एक रंग. लाल चिठ्ठी दिसली तर ती फक्त लालवाल्याने उचलायची. बाकीच्यांनी हात लावायचा नाही आणि 'अरे ती बघ' असं ओरडायचंही नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे आणि ती आठ वर्षांचीला वेगळं बोलावून सांगावी लागेल, हे तुम्हाला माहीत आहेच.

पेटीला तीन आकडी कुलूप लावा. प्रवासी बॅगेचं असतं तसलं चालेल. तिघा मोठ्यांच्या मागाच्या टोकाला एकेका रंगाचं कार्ड आणि त्यावर एकेक आकडा. आता तुम्ही म्हणाल, धाकटीचं काय? तिला आकडा देऊ नका. तिला पेटीच द्या. पेटी कुठे आहे ते फक्त तिच्या मागावरून कळेल अशी व्यवस्था करा. यामागे थोडा धूर्तपणा आहे. चार आकडी कुलूप घेऊन धाकटीलाही एक आकडा दिला असता, तर अकरा वर्षांच्या पोराला उरलेल्या तिघांचे आकडे कळताच त्याने शून्यापासून नऊपर्यंत फिरवून चौथा काढला असता. फार तर दहा प्रयत्न. तेवढं गणित त्याला नक्की येतं. पेटीच समोर नसेल तर मात्र त्याला धाकटीची वाट बघावीच लागते.

आता एकेकाचा माग.

साडेतीन वर्षांच्या मुलीला चिठ्ठी म्हणजे कागद, आणि कागद फाडायचा असतो, हे तिचं बरोबरच आहे. तिला चित्र द्या. ज्यूडी डिलोश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका खोलीची छोटी प्रतिकृती, तीत तसंच छोटं फर्निचर. मुलांच्या देखत छोटं खेळणं प्रतिकृतीत लपवायचं आणि सांगायचं, मोठं खेळणं खऱ्या खोलीत अगदी त्याच जागी आहे, शोध. तीन वर्षांच्या पुढची मुलं बहुतेक वेळा थेट जाऊन काढत. अडीच वर्षांची बहुतेक अडखळत, आणि गंमत म्हणजे छोटं खेळणं कुठे लपवलं होतं ते त्यांना नीट आठवत असे. 'हे म्हणजे ते' एवढाच सांधा जुळत नसे. फोटो दाखवले तर मात्र अडीचवाल्यांनाही जमायचं. तुमची लेक त्या उंबरठ्याच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. म्हणजे जागेचा फोटो तिला पुरेल, आणि काडेपेट्यांचं छोटंसं माजघर करून दिलंत तर त्यातला पाट उचलून खऱ्या पाटाखाली बघायला ती धावेल.

फोटो छापून घ्या. मोबाईलवर दाखवू नका, कारण मोबाईल हातात गेला की खजिना तिथेच संपला. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट मिळते. नाहीतर हाताने काढा. पूर्ण वस्तूचा फोटो नको, जवळून घेतलेला तुकडा हवा: जात्याचा खुंटा, तुळशीवृंदावनाचा कोपरा, तुमच्या त्या चौकडीच्या पिशवीची कड. प्रत्येक ठिकाणी पुढचा फोटो आणि एखादा बोरकूट-गोळीएवढा खाऊ. तीन ठिकाणं बास. तिच्या नजरेच्या उंचीवर लपवा, म्हणजे तुमच्या कमरेच्या थोडं खाली. लपवून झाल्यावर एकदा स्वतः उकिडव्या बसून बघा. उभ्याने दिसणारं घर आणि बसून दिसणारं घर फार वेगळं असतं.

सहा वर्षांच्याला अक्षरं येतात, जोडाक्षरं येत नाहीत. मग जोडाक्षर घालूच नका, प्रश्न मिटला. तीन कार्डांवर 'पा', 'ळा', 'झो' लिहा आणि गठ्ठा हातात द्या. सहाच तऱ्हांनी मांडता येतात, त्यातली एकच बोलते, आणि ती बोलली की तो पडवीकडे सुसाट. झोपाळ्याच्या फळीखाली दुसरी चिठ्ठी. तीत मोजायचं काम द्या: पडवीचे खांब मोज, तितक्या पायऱ्या उतर, उजव्या हाताला बघ. या वयात उजवं-डावं अजून घोटाळतं. हातावर पेनाने टिंब काढून दिलंत तर कुणाचं काही बिघडत नाही.

आठ वर्षांचीला शब्द द्या, भरपूर द्या. इथे तुमच्या सासूबाई हव्यात. 'असली थेरं नव्हती' म्हणणाऱ्या बाईंकडे कोड्यांचं गाठोडं असतं, फक्त कुणी मागितलेलं नसतं. 'सगळे गेले रानात, झिपरी पोरगी घरात' म्हणजे केरसुणी. 'कोकणातनं आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी' म्हणजे लसूण. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' म्हणजे दात आणि जीभ. हे लपवायला निरुपयोगी, पण हसायला उत्तम. भाची पहिली चिठ्ठी घेऊन आजीकडे जाईल, आजी तोंडी कोडं घालेल, उत्तर मिळालं की दाराआडच्या केरसुणीला दोऱ्याने बांधलेली पुढची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर 'च'च्या भाषेत लिहा: 'चाखरेच्यास चब्याखालीड'. पहिल्या अक्षराच्या जागी च, आणि ते अक्षर शब्दाच्या शेवटी. साखरेच्या डब्याखाली. तिला ही भाषा येत नसेल तर सासूबाई शिकवतील, आणि शिकली की दोन दिवस घरात दुसरी भाषा ऐकू येणार नाही याची तयारी ठेवा.

आता मोठा. त्याच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण असे खेळ रचणारी मंडळी सगळ्यात जास्त अन्याय मोठ्या मुलावर करतात. 'तू मोठा ना, मग धाकट्यांना मदत कर' म्हणून त्याला हमाल करून टाकतात. तो अकरा वर्षांचा आहे. तोही खेळायलाच आला आहे. त्याला असं काही द्या की दहा मिनिटं त्याचं डोकं वर निघणार नाही.

तुम्ही लिहिलंय की तो मराठी वाचताना अडखळतो. मग त्याला वाचायला देऊच नका, उकलायला द्या. 'क' ते 'म' ही पंचवीस अक्षरं पाचाच्या पाच ओळींत मांडली की आयता तक्ता तयार होतो: पहिली ओळ क ख ग घ ङ, दुसरी च छ ज झ ञ, मग ट ठ ड ढ ण, त थ द ध न, आणि प फ ब भ म. प्रत्येक अक्षराला दोन आकडे, आधी ओळ, मग घर. 'क' ११, 'ड' ३३, 'न' ४५. काना-मात्रा आकड्यालाच जोडायची. आता चिठ्ठीवर एवढंच लिहा: ११ो ४५ा ३३ा. बाकी काही नाही. वर्णमालेचा तक्ता त्याच्या हातात देऊ नका; पडवीत भिंतीवर लावून ठेवा, आदल्या दिवसापासून, जणू धाकटीसाठी लावलाय. तो आधी आकड्यांची बेरीज करून बघेल, मग पानं मोजेल, मग कंटाळेल, आणि मग कधीतरी त्या काना-मात्रांकडे बघता बघता त्याची नजर भिंतीवर जाईल. बंगळूरच्या शाळेत त्याने कन्नड गिरवली असेल तर तीतही वर्ग याच क्रमाने येतात, त्यामुळे तक्ता त्याला परका नाही. उत्तर आहे 'कोनाडा'. य, र, ल, व, स, ह वगैरे या तक्त्यात येत नाहीत, म्हणून शब्द निवडताना तेवढं सांभाळा. 'माठ', 'पाट', 'ताट', 'कणगी', 'बंब' चालतात, 'पायरी' चालत नाही.

त्याच्यासाठी आणखी एक युक्ती. खायच्या सोड्याच्या दाट पाण्यात काडी बुडवून पांढऱ्या कागदावर लिहा आणि वाळू द्या. कागद कोरा दिसतो. वरून हळदीचं पाणी फिरवलं की अक्षरं लालसर उमटतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेच हे. त्याला फक्त कोरा कागद आणि एका वाटीत हळद द्या. आधी एकदा स्वयंपाकघरात करून बघा. सोडा कमी पडला तर काहीच उमटत नाही आणि मग त्याचं 'बेबीश' पुन्हा सुरू होईल.

चारही माग शेवटपर्यंत वेगळे ठेवलेत तर मात्र ती चार मुलं चार खोल्यांत चार खेळ खेळतील. मध्ये दोन गाठी मारा. एक धाकटी आणि सहा वर्षांचा यांची: जाड कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने 'माठ' असा शब्द लिहून ठेवायचा, धाकटीने वरून जलरंग फासायचा, मेणावर रंग बसत नाही म्हणून शब्द पांढरा उठून दिसतो, तो सहा वर्षांच्याने वाचायचा. रंगवायचं काम तिचंच. त्याच्याकडे कुंचला देऊ नका. दुसरी गाठ मोठ्या दोघांची: त्याच्याकडे खळ्याचा आणि मागीलदाराचा नकाशा, ज्यावर एकही नाव नाही, तिच्याकडे नकाशाविना नुसत्या सूचना, 'फणसाकडून कोकमाकडे, मग पाठ फिरवून सात पावलं'. दोघांची तोंडं एकमेकांकडे नसतील तर एक पाऊलही पुढे पडत नाही. भांडतील, भांडू द्या. त्या भांडणात तो मराठी वाचेलसुद्धा, आणि ते कुणी बोलून दाखवू नका.

शेवटी तिघांनी आपापला आकडा आजीच्या कानात सांगायचा. तिन्ही आले की आजी धाकटीला शेवटचा फोटो देईल, आणि धाकटी पुढे, बाकीचे मागे. म्हणजे सासूबाई एका जागी बसून खेळाच्या राखणदार झाल्या. अडलेल्याला आडून सुचवण्याचं कामही त्यांचंच. मोल म्हणून पाढा किंवा श्लोक मागू नये, एवढं त्यांना गोडीत सांगा. सुट्टीत अडलेल्या पोराला पाढे म्हणायला लावलं की पुढच्या वेळी ते अडल्याचं सांगतच नाही. एक तांब्याभर गार पाणी आणून दे म्हणावं. मे महिना आहे, त्यांनाही बरं वाटेल.

शर्यतीचं विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या वयांच्या फरकात नको. टीम नकोत, पहिला-दुसरा नको. अगदी चुरस हवीच असेल तर घड्याळाशी ठेवा: आजी दुपारची आडवी व्हायच्या आत चौघांनी मिळून पेटी उघडायची. कोण आधी हा प्रश्नच राहत नाही.

चिठ्ठ्या प्रत्येकाला तीन आणि मधल्या दोन गाठी, म्हणजे एकूण चौदा. पाऊण तासाचा ऐवज. सकाळी आठला सुरू करा किंवा उन्हं उतरल्यावर पाचला. पाचला धरलंत तर आजीच्या झोपेऐवजी दिवेलागण. वळवाचं काही सांगता येत नाही, तेव्हा बाहेरच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि पडवीतल्या चिठ्ठ्या कशाखाली तरी दाबून. वाऱ्याने उडालेली चिठ्ठी कितीही बुद्धीने सापडत नाही. खाऊ ठेवाल तिथे मुंग्या तुमच्या आधी पोचतील, म्हणून झाकणाच्या डबीत ठेवा. कुठली चिठ्ठी कुठे आणि तिथून पुढे कुठे, हे एका कागदावर लिहून कमरेला खोचा. तुम्हीच लपवलेलं तुम्हालाच आठवत नाही, हे होतंच.

आणि विहीर. तुमच्या त्या यमकात चूक एवढीच की उत्तरं तीन होती: माठ, विहीर आणि फ्रिज. मुलांनी त्यातलं सगळ्यात भारी निवडलं. म्हणून कुठलीही चिठ्ठी लिहिली की ती यजमानांना द्या, उत्तर सांगू नका, आणि ते कुठे चालत जातात ते बघा. दुसरीकडे गेले तर चिठ्ठी बदला, त्यांना समजावत बसू नका. खेळ सुरू व्हायच्या आधी मुलांना घेऊन एक फेरी मारा आणि सीमा दाखवा: विहीर, गॅस, लाकडांची रास, चिऱ्यांचा गडगा इथे एकही चिठ्ठी नाही, कधीच नसणार. गडग्याच्या फटीत हात घालायची सवय मुलांना लावू नये; विंचू आधीपासून तिथे राहायला असतो. देवघराचं सासूबाईंना विचारा.

बक्षिसाचं सोपं आहे. वाटून घ्यावं लागेल असं नको, एकत्र करावं लागेल असं हवं. पेटीत चॉकलेटं ठेवलीत तर मोजामोजी सुरू होईल. त्याऐवजी खडेमिठाची एक पुडी ठेवा आणि चार चमचे, चौघांच्या चार रंगांचे धागे बांधलेले. एवढंच. ती एकमेकांकडे बघतील, 'मीठ?' म्हणतील. मग मोठ्याच्या डोक्यात उजेड पडेल की मीठ बर्फात घालतात, आणि माळ्यावरचा तो हाताने फिरवायचा आईसक्रीमचा पॉट सकाळपासून खाली उतरवून ठेवलेला त्याने पाहिलाय. आटवलेलं दूध आणि हापूसचा रस तुम्ही तयार ठेवायचा, बर्फ आणून ठेवायचा. दांडी फिरवायला पाळ्या लागतातच. धाकटीची पाळी सुरुवातीला लावा, दूध घट्ट व्हायला लागलं की ती तिच्याच्याने हलणार नाही.

एक शेवटचं, मोठ्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८१ पासून दर जानेवारीत कोड्यांचा असा एक मोठा शोध चालतो. तिथे जिंकणाऱ्या गटाला मिळतं काय, तर पुढच्या वर्षीची कोडी रचण्याचं काम. तुमच्या भाच्याला निघताना एक कोरी वही द्या आणि सांगा की पुढच्या मे महिन्यातला आठ वर्षांचीचा माग त्याने रचायचा आहे. ती तेव्हा नऊ वर्षांची असेल आणि मराठी त्याच्यापेक्षा तेव्हाही चांगलं वाचत असेल, हे त्याला आठवण करून द्या. शुद्धलेखन तपासायला वही मध्येच चिपळूणला पाठवू नका म्हणजे झालं, नाहीतर सगळी उत्तरं तिला आधीच कळतील.

कुलपाचा आकडा मात्र आजच पिठाच्या डब्याच्या तळाशी लिहून ठेवा.